एका जपानी बाबांची गोष्ट

सिंगापूर पाहून गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला जुरोंग म्हटलं की पक्षी आठवतात. "अरे, तो बर्ड पार्क ना?" हो, तोच. पण तो २०२३ साली इथून उठून मंडाईला गेला, त्यामुळे आता जुरोंगची ओळख करून देताना माझी जरा पंचाईत होते. मी राहतो ते जुरोंग ईस्ट म्हणजे एक मोठं एमआरटी स्टेशन, त्याला चिकटलेले मॉल, पलीकडे सायन्स सेंटर, आणि तळ्यातल्या बेटांवर दोन बागा, एक चिनी आणि एक जपानी. जपानी बाग १९७३ सालची. रविवारी सकाळी मी तिथे चालायला जातो आणि घोरपडी बघून परत येतो.

ऐंशी वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. रबराचे मळे होते, खाजण होतं, कोळंबीची तळी होती. टेकड्या कापून, दलदल बुजवून इथे कारखाने आणायला सुरुवात झाली ती १९६१ नंतर. मात्र त्याच्या आधी, १९४५ सालच्या शेवटी, याच जुरोंगमध्ये ब्रिटिशांनी जपानी नागरिकांची छावणी ठेवली होती. युद्ध हरलेले, घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघणारे लोक. त्यात एक बेचाळिशीचा गृहस्थ होता. तो दिवसा रबराच्या मळ्यात राबायचा, छावणीतल्या जपानी वर्तमानपत्राचं संपादन करायचा आणि वेळ उरला की सहकाऱ्यांबरोबर एकाने एक ओळ, दुसऱ्याने पुढची, अशी कविता रचायचा. त्याचं नाव यासुजिरो ओझू. जगातल्या सर्वोत्तम दिग्दर्शकांच्या कुठल्याही यादीत आज ज्याचं नाव असतं, तो ओझू.

मला हे कळलं तेव्हा इथे येऊन सहा-सात वर्षं झाली होती, पीएचडीही संपली होती. ज्या माणसाचे चित्रपट मी रात्री जागून पाहत होतो, तो माझ्या घरापासून कुठेतरी जवळच झाडांना चिरे पाडत बसला असेल हे काही केल्या डोक्यात शिरेना.

असो. आज लिहायचंय ते ओझूवर नाही, तर त्याच्या चित्रपटांतल्या बाबांवर. चिशू र्‍यू. हा माणूस जुरोंगच्या छावणीत नव्हता, पण त्याची गोष्ट या छावणीला वळसा घालून सांगता येत नाही.

र्‍यूचा जन्म १३ मे १९०४चा, क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातल्या एका खेड्यातला. वडील बौद्ध देवळाचे मुख्य पुजारी. तिकडे देऊळ बापाकडून मुलाकडे जातं, आपल्याकडच्या गुरवकीसारखंच म्हणा ना. मुलाला शिकायला तोक्योला पाठवलं, तोयो विद्यापीठात, आणि विषय कुठला, तर भारतीय तत्त्वज्ञान! (आमच्या मिरजेत भारतीय तत्त्वज्ञान घेऊन कुणी मुलगा बीए करायला निघाला असता तर त्याच्या घरी रडारड झाली असती. कुमामोतोमध्ये मात्र ते पोटापाण्याचं शिक्षण होतं.) मुलाने ते अर्धवट सोडलं आणि १९२५ साली शोचिकु कंपनीच्या कामाता स्टुडिओत नट घडवायच्या वर्गात नाव घातलं. मधे वडील वारले, तेव्हा देऊळ सांभाळायला गावी गेला, पण काही महिन्यांतच थोरल्या भावाच्या हवाली करून परत आला.

पळून आला आणि नट झाला, असं मात्र झालं नाही. पुढची दहा वर्षं तो गर्दीतला माणूस होता. त्या काळचा स्टुडिओ म्हणजे आपल्या प्रभातसारखाच कारभार: नट, सुतार, कॅमेरामन सगळे पगारी. गर्दीतल्या नटांची एक मोठी सामाईक खोली असे, तिथे बसून राहायचं, बोलावणं आलं की जाऊन उभं राहायचं. र्‍यूला ना उठावदार चेहरा, ना फर्डी भाषा. बोलपट आल्यावर तर आणखी अडचण, कारण त्याच्या तोंडातला कुमामोतोचा हेल जाईना. तो शेवटपर्यंत गेला नाही. पुण्याच्या वाड्यातल्या मास्तरांनी अस्सल मालवणी हेलात बोलावं, तसं काहीसं ते जपानी कानांना लागत असणार.

ओझूने त्याला १९२८ साली 'तरुणांची स्वप्नं' अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटात पहिल्यांदा घेतलं. तिथून पुढे ओझूच्या चोपन्न चित्रपटांपैकी बावन्न चित्रपटांत र्‍यू आहे असं सांगतात. सुरुवातीच्या काहींत तो शोधावा लागतो, मागच्या बाकावर, दाराशी, कुणाच्या तरी खांद्यामागे. १९३६ साली जरा मोठं काम मिळालं. आणि १९४२ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पहिली मुख्य भूमिका: 'चिची आरिकी', म्हणजे 'एक बाप होता'.

ही भूमिका एका गणिताच्या शिक्षकाची. सहलीत बोट उलटून विद्यार्थी बुडतो, त्याची जबाबदारी घेऊन हा नोकरी सोडतो आणि पुढे मुलाच्या शिक्षणासाठी आयुष्यभर मुलापासून लांब राहतो. मुलगा मोठा झाल्यावर म्हणतो, नोकरी सोडून तुमच्याजवळ येतो. बाप म्हणतो, नाही, तुझं काम तिथे आहे. मुलाचं काम करणारा शुजी सानो र्‍यूपेक्षा जेमतेम आठ वर्षांनी लहान. पण पडद्यावर तसं कुठेही वाटत नाही. नदीकाठी बाप-लेक मासे पकडायला उभे आहेत, दोघांचे गळ एकाच वेळी उचलले जातात, एकाच वेळी प्रवाहात पडतात. तेवढ्यावर सगळं नातं कळतं.

आता तारीख बघा. चित्रपट प्रदर्शित झाला १ एप्रिल १९४२ला. सिंगापूर पडलं १५ फेब्रुवारी १९४२ला. म्हणजे तोक्योत लोक हा कर्तव्यनिष्ठ, मायाळू बाप बघून डोळे पुसत होते, त्याच्या काही आठवडे आधी सिंगापुरात जपानी सैन्य चिनी पुरुषांना चौकाचौकांत रांगेत उभं करत होतं. काहींना सोडलं, काहींना ट्रकमध्ये घालून समुद्रकिनाऱ्यावर नेलं. मेलेल्यांचा आकडा जपानी बाजू पाच-सहा हजार सांगत आली आणि इथला चिनी समाज पन्नास हजारांपर्यंत. बीच रोडवर त्यांच्या आठवणीचे चार उंच पांढरे खांब आहेत, १९६७ साली उभारलेले.

मी एकदा प्रयोगशाळेतल्या एका चिनी सहकाऱ्याला मोठ्या उत्साहाने ओझूचा चित्रपट पाहायला सांगितला. त्याने पाहिला, चांगला वाटला म्हणाला. मग कॉफी ढवळत म्हणाला, माझ्या आजीला हा म्हातारा दाखवता आला नसता, ती जपानी आवाज ऐकला की टीव्ही बंद करायची. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. आपल्याकडे जपान म्हणजे आझाद हिंद सेनेचा मित्र, हिरोशिमाचा दुखावलेला देश आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या. इथे तोच शब्द वेगळा ऐकू येतो, हे कळायला मला सिंगापुरात बरीच वर्षं राहावं लागलं.

आणि ओझूही काही घरी बसून फक्त चहाच्या पेल्यांची मांडणी करत नव्हता. १९३७ साली त्याला सैन्यात बोलावलं आणि चीनमध्ये पाठवलं. त्याची तुकडी विषारी वायू वापरणारी होती. नानकिंग पडल्यानंतर महिन्याभराने, जानेवारी १९३८मध्ये, त्याला आपला दिग्दर्शक मित्र सादाओ यामानाका जवळच्या एका गावात आहे असं कळलं, तेव्हा तो त्याला भेटून आला. अर्ध्या तासाची भेट. यामानाका त्याच वर्षी चीनमध्येच आजारपणात गेला, वय फक्त अठ्ठावीस. ज्या गावात ते भेटले त्याचं नाव होतं जुरोंग. आमच्या जुरोंगशी काही संबंध नाही, चिनी अक्षरंही वेगळी, पण नकाशावर ते नाव वाचून मी दचकलो होतो.

ओझू सिंगापुरात आला तो जून १९४३मध्ये, लष्कराच्या प्रचारखात्यातर्फे चित्रपट काढायला. विषय ऐकून तुम्हीही दचकाल: 'ऑन टू दिल्ली', चलो दिल्ली! भारताच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा चित्रपट. ४ जुलै १९४३ला इथल्या कॅथे इमारतीच्या थिएटरात रासबिहारी बोसांनी सूत्रं सुभाषबाबूंच्या हाती दिली, २१ ऑक्टोबरला तिथेच आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. त्या सरकारात आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. आणि त्याच कॅथे इमारतीत, पाचव्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत ओझू राहत होता. चित्रपटाच्या निमित्ताने तो पेनांगला जाऊन सुभाषबाबूंना भेटला, जावात थोडं चित्रीकरणही झालं. मग युद्धाचं पारडं फिरलं आणि काम थांबलं.

थांबलं म्हणजे काय, चैनच झाली. टेनिस, वाचन, आणि रात्री प्रचारखात्याच्या छोट्या थिएटरात यंत्र तपासायच्या नावाखाली जप्त केलेले अमेरिकन चित्रपट. 'सिटिझन केन', 'रिबेका', 'गॉन विथ द विंड', डिस्नेचा 'फँटसिया'. 'फँटसिया' बघून त्याच्या मनात आलं की आपण भलत्याच माणसाशी भांडण काढलंय, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलंय. मला हा प्रसंग फार आवडतो. बाकीच्यांना जे विमानं आणि बोटी मोजून कळलं, ते या माणसाला व्यंगचित्रपट बघून कळलं.

१५ ऑगस्ट १९४५. जपान शरण गेला, ओझूने 'ऑन टू दिल्ली'ची फिल्म आणि पटकथा जाळून टाकली. सुभाषबाबूंवर ओझूचा चित्रपट, ही गोष्ट सिंगापुरातच धूर होऊन गेली. पगार शोचिकुकडून मिळत असल्यामुळे तो सैन्याचा माणूस धरला गेला नाही, नागरिक म्हणून जुरोंगला आला. डिसेंबरमध्ये पहिली बोट निघाली. त्याच्या गटातल्या सगळ्यांना जागा नव्हती, चिठ्ठ्या टाकल्या. ओझूची चिठ्ठी लागली. बायकोमुलं असलेल्या एका सहकाऱ्याला त्याने ती देऊन टाकली आणि गटातला शेवटचा माणूस जाईपर्यंत तो थांबला. फेब्रुवारी १९४६मध्ये घरी पोचला. (त्याला बायकोमुलं नव्हती. तो जन्मभर आईजवळ राहिला. आईबाप आणि मुलं यांच्यावर त्याच्याइतकं कुणी लिहिलं नसेल.)

परतल्यावर त्याने केलेल्या पहिल्या चित्रपटात, १९४७ साली, र्‍यू रस्त्यावर भविष्य सांगणारा माणूस झालाय. युद्धानंतर एकटं पडलेलं एक पोर त्याच्या मागे मागे येतं आणि तो त्याला चाळीत घेऊन येतो. पुढे शेजाऱ्यांच्या बैठकीत हाच र्‍यू ठेका धरून एक लांबलचक जुनं लोकगीत म्हणतो. नंतरच्या गंभीर, शांत बाबांची सवय झालेल्या माणसाने तो प्रसंग जरूर बघावा.

आणि मग १९४९ साली आला 'बान्शुन', म्हणजे सरता वसंत. र्‍यू पंचेचाळीसचा, भूमिका छप्पन्न वर्षांच्या विधुर प्राध्यापकाची. मुलगी सेत्सुको हारा. बापाला एकटं टाकून लग्न करायला ती तयार नाही, म्हणून बाप खोटंच सांगतो की मी दुसरं लग्न करतोय. मुलगी जाते. रात्री तो रिकाम्या घरी येतो, खुर्चीत बसतो आणि सफरचंद सोलायला लागतो. साल लांब लांब होत जाते, मग तुटून पडते, मान खाली जाते. संपलं.

हा प्रसंग असा ठरलेला नव्हता. ओझूला बाप हमसून रडायला हवा होता. र्‍यू म्हणाला, हे मला जमणार नाही. आयुष्यभर ओझूने सांगितलं तसं उभं राहिलेला, सांगितलं तिकडे बघितलेला हा नट, त्याने फक्त या एका वेळी नाही म्हटलं. ओझूने ओढून धरलं नाही. नुसती मान खाली घाल म्हणाला.

ही 'नाही'ची गोष्ट मला मोठी वाटते, कारण एरवी र्‍यूने स्वतःबद्दल जे सांगितलंय ते सगळं उलट दिशेचं आहे. मी कच्चा नट आहे, जे दिसतं ते ओझूचं आहे, असाच त्याचा सूर असे. ओझू त्याला सांगायचा की चेहऱ्यावर काही आणू नकोस, नोह नाटकातला मुखवटा असतो तसा राहा. तुझ्या अभिनयापेक्षा मला चौकटीची मांडणी महत्त्वाची, असंही तोंडावर सांगायचा. आपल्याकडचा एखादा नट तिथल्या तिथे मेकअप पुसून घरी गेला असता. र्‍यू थांबला. पण रडायची वेळ आल्यावर त्याला स्वतःत काय आहे आणि काय नाही हे ओझूपेक्षा जास्त माहीत होतं. कच्च्या नटाला हे कळत नाही.

वयाचा घोळ तर त्याच्याबाबतीत कायमचाच. १९५१च्या 'बाकुशू'मध्ये तो हाराचा भाऊ आहे, आणि त्याच्या बापाचं काम करणारा इचिरो सुगाई त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान! दोनच वर्षांनी, १९५३च्या 'तोक्यो मोनोगातारी'त, म्हणजे 'तोक्योच्या गोष्टी'त, एकोणपन्नासाव्या वर्षी तो सत्तरीचा म्हातारा झाला. बायकोच्या भूमिकेतल्या चिएको हिगाशियामा खरोखरच साठी ओलांडलेल्या होत्या. आपल्याकडे डॉ. लागूंनी त्रेचाळिसाव्या वर्षी 'नटसम्राट' केलं त्याची आठवण होते. पण फरक बघा. बेलवलकर वादळासारखे बोलतात, र्‍यूचा म्हातारा "हं", "असं का", "बरं झालं" एवढ्यावर पूर्ण चित्रपट काढतो.

गोष्ट साधी. ओनोमिची या बंदराच्या गावातले म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला तोक्योला येतात. डॉक्टर मुलाला पेशंट, पार्लरवाल्या मुलीला गिऱ्हाइकं. वेळ कुणालाच नाही. मग भाऊ-बहीण वर्गणी काढून दोघांना आतामी नावाच्या गरम पाण्याच्या ठिकाणी पाठवून देतात. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. लवकर परततात, तर ते कुणाला सोयीचं नसतं. प्रेमाने वागते ती एकटीच, युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. (आपल्या राजा परांजप्यांचा 'ऊन पाऊस' १९५४चा. म्हाताऱ्या मास्तरांचं काम त्यांनी स्वतः केलं होतं, तेही तेव्हा चव्वेचाळीसचेच. दोघांनी एकमेकांचं काही पाहिलं असण्याची शक्यता शून्य.)

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदा इथे आले. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. माझ्या खिडकीतून जुरोंग ईस्टचं स्टेशन दिसतं, तिथे खुर्ची टाकून सकाळभर गाड्या मोजायचे. सहा डबे, सहा डबे, सहा डबे. माझा एक अहवाल महिनाअखेरीला द्यायचा होता, आणि मी रोज रात्री नऊला घरी. मग मी क्वालालंपूर आणि गेंटिंगची चार दिवसांची बसची सहल काढून दिली, चांगली महागातली. परत आल्यावर बाबांनी "छान झाली" एवढंच सांगितलं. ते मिरजेला परतल्यावर दोन महिन्यांनी फोनवर आई बोलता बोलता म्हणाली की गेंटिंगला थंडीने बाबा खोलीबाहेरच पडले नाहीत, खाली लॉबीत बसून राहिले, आणि "त्याला सांगू नकोस, त्याने हौसेने केलं होतं" असं बजावून ठेवलं होतं.

त्या रात्री मी 'तोक्यो मोनोगातारी' परत लावला. विद्यार्थी असताना लायब्ररीतून आणलेल्या डीव्हीडीवर तीन वेळा पाहिला होता, टिपणं काढली होती, कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल मित्रांना व्याख्यान दिलं होतं. या वेळी आतामीच्या प्रसंगापाशी थांबवला आणि पुढे दोन दिवस लावला नाही. पडद्यावर समुद्राकडे बघत बांधावर बसलेले दोघं, र्‍यूच्या अंगात सराईचा यूकाता, आणि चेहऱ्यावर तक्रारीचं नाव नाही. आधी मला ती ओझूची शैली वाटायची.

१२ डिसेंबर १९६३ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी, ओझू गेला. आदल्या वर्षीच्या त्याच्या शेवटच्या चित्रपटात र्‍यू युद्धनौकेचा माजी कप्तान आहे. बारमध्ये त्याचा जुना खलाशी भेटतो, आरमाराची धून लागते, खलाशी सलाम ठोकत नाचतो, आणि विचारतो, आपण जिंकलो असतो तर काय झालं असतं? र्‍यू जरा थांबून, हसत, हरलो तेच बरं झालं अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. मला तिथे दर वेळी कॅथे इमारतीतला तो 'फँटसिया' बघणारा माणूस दिसतो. पाच वर्षांनी दुसऱ्या एका चित्रपटात र्‍यू पंतप्रधान सुझुकी झाला, ज्यांच्या कारकिर्दीत जपान शरण गेला ते. हरलेल्या जपानला चेहरा द्यायचा तर तो यानेच द्यावा, असं तिकडच्या लोकांनाही वाटत असावं.

ओझूनंतर र्‍यू तीस वर्षं जगला आणि काम करत राहिला. एकूण चित्रपट दीडशेच्या वर. कुरोसावाच्या 'ड्रीम्स'मध्ये, १९९० साली, शेवटच्या स्वप्नात पाणचक्क्यांच्या गावातला शंभरी ओलांडलेला म्हातारा तोच. पण सामान्य जपानी माणूस त्याला ओळखत होता ते वेगळ्याच कामासाठी. 'तोरासान' नावाच्या एका फिरत्या विक्रेत्याची विनोदी चित्रमालिका १९६९ साली सुरू झाली. त्यात गावच्या देवळातले मुख्य पुजारी म्हणून र्‍यू पहिल्या चित्रपटापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत, १९९२पर्यंत, येत राहिला. विम वेंडर्स हा जर्मन दिग्दर्शक ओझूच्या शोधात जपानला गेला, र्‍यूबरोबर ओझूच्या थडग्यापर्यंत गेला, तेव्हा वाटेत बायकांनी या म्हाताऱ्याला गराडा घातला तो ओझूमुळे नव्हे, टीव्हीवर पाहिलेला म्हणून. देऊळ नको म्हणून घरातून निघालेला मुलगा, तो तेवीस वर्षं देवळातल्या पुजाऱ्याचे कपडे घालून दारात उभा राहिला, आणि तोही कुमामोतोच्या हेलात बोलत. १६ मार्च १९९३ला तो गेला. मालिका पुढे चालली, पण पुजाऱ्याच्या जागी त्यांनी लगेच दुसरा नट घेतला नाही.

या मार्चमध्ये आई-बाबा पुन्हा आले होते. मी दहा दिवस रजा टाकली. एका दुपारी पाऊस होता, बाबा म्हणाले लाव तुझा तो जपानी पिक्चर. आई मधे झोपली. बाबांनी पूर्ण पाहिला, मी मधून मधून मराठीत सांगत होतो, नंतर ते म्हणाले की नको सांगू, कळतंय. शेवटी म्हातारा घरात एकटा बसून पंखा हलवतो, आणि सून गाडीतून तोक्योला परत निघालेली असते.

"कोळशाचं इंजिन आहे," बाबा म्हणाले.

मग थोड्या वेळाने विचारलं, "हा माणूस तेव्हा किती वर्षांचा?"

"एकोणपन्नास."

"पाठ बरोब्बर वाकवलीय," ते म्हणाले, आणि उठून खिडकीपाशी गेले.